फळी तितकी फट

“वाऱ्याला वाट ठेवायची, सूनबाई. अडवायचं नाही. अडवला की तो उडी मारतो, आणि उडी मारून कुठे पडेल त्याचा नेम नाही.”

सासूबाई असं सांगायच्या आणि उजव्या हाताची बोटं फाकवून तोंडासमोर धरायच्या. त्या बोटांमधून त्या हळूच फुंकर घालायच्या. समोरच्या शेवंतीचं पान जेमतेम हलायचं. “बघितलंस? येऊ दिलाय, पण गाळून.”

त्यांचं दुसरं सांगणं सुईणबाईंबद्दल होतं. “पहिली उमलेल ती शेवंती त्यांची. तोडून न्यायची नाही, मुळासकट न्यायची. तुझा नवरा त्यांच्या हातावर जन्मला, तेव्हापासून मी एकदाही चुकवलेलं नाही. तू चुकवू नकोस.”

“नाही चुकवणार,” असं ती म्हणाली होती. शब्द देताना तिनं सासूबाईंचा हात हातात घेतला होता. ती उगाच कुणाला शब्द देणाऱ्यातली नव्हती, त्यामुळे दिलेला शब्द तिच्या मनात दिव्यासारखा तेवत राहायचा. सासूबाई गेल्या त्याला उन्हाळा आणि पावसाळा उलटला होता, आणि आता त्यांच्यामागची पहिली पानगळ सुरू व्हायची होती.

घर गल्लीच्या अगदी टोकाला होतं. मागच्या अंगाला बाग, आणि बागेपलीकडे नुसतं मोकळं रान. दिवस लहान होऊ लागले की त्या रानातून वारा सुटायचा तो थेट बागेत यायचा, कारण मध्ये त्याला कुणी विचारणारंच नव्हतं. सासूबाईंनी तिथे काटक्याकुटक्यांचं कुंपण बांधलं होतं. वाकडंतिकडं, दात पडलेल्या तोंडासारखं. त्याच्या आडोशाला घेवड्याचे वेल, भोपळा, आणि मधोमध शेवंतीचा वाफा.

या कुंपणाची लाज वाटायची ती एकट्या मिस्त्रींना. मिस्त्री म्हणजे तिचे यजमान. दारं-खिडक्या करण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. त्यांची खिडकी लावली की शेजारी मेणबत्ती धरा, ज्योत हलायची नाही. फट दिसली की बुजवायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. “दारं करणाऱ्याच्या घराला हे असलं कुंपण. गिऱ्हाईक काय म्हणेल?” असं ते आईला दर वर्षी म्हणायचे, आणि आई दर वर्षी सांगायची, “तू हात लावायचा नाहीस. तुझ्या हाताला फट ठेवताच येत नाही.”

मिस्त्रींना ते कौतुक वाटायचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिच्यातून झाला. सकाळी उठून आंघोळ करायची, देवापुढे दिवा लावायचा, आणि बागेला पाणी घालून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हा तिचा नेम होता. लग्नाआधीपासूनचा. ओठ मिटलेले आणि आत नाम चाललेलं, अशी ती झारी घेऊन वाफ्यावाफ्यातून फिरायची. मिस्त्रींना मात्र सगळ्यात जास्त सुचायचं ते नेमकं याच वेळी. गिऱ्हाइकांच्या तक्रारी, लाकडाचा ओलावा, रात्री पडलेलं स्वप्न, सगळं ते तिच्यामागे फिरत सांगायचे. “सकाळी तू किती समजूतदार असतेस,” असंही वर म्हणायचे.

पावसाळा सरता सरता कुजलेलं जुनं कुंपण एकदाचं आडवं झालं. त्या सकाळी मिस्त्री टेप घेऊन तिच्यामागे आले. तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, कारण लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि न्यायला गाडी येणार होती.

“कुंपण कसं करू? बोल. म्हणजे, बोलू नकोस. सांग.”

तिनं झारी खाली ठेवली. हाताची बोटं फाकवून तोंडासमोर धरली आणि त्यांतून फुंकर घातली.

मिस्त्रींनी मान हलवली. “कळलं. अगदी तसंच करतो.”

तिचा जीव भांड्यात पडला. लेकीकडे असताना फोनवर तिनं विचारलं तेव्हाही ते म्हणाले, “तू सांगितलंस तसंच झालंय. येशील तेव्हा बघ.”

नातीचं बारसं उरकून ती घरी परतली आणि तशीच, पिशवी खांद्याला, मागच्या दारात उभी राहिली. बागेच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फूट उंचीची लाकडी भिंत उभी होती. रंधा मारून गुळगुळीत केलेल्या फळ्या, फळीला फळी चिकटून, सांध्यात लांबीचा लगदा भरलेला, वर तेलाचा हात.

“डोळा लावून बघ,” मिस्त्री म्हणाले. “पलीकडचं काही दिसतंय?”

तिनं डोळा लावला. अंधार होता.

“पाच म्हणालीस,” त्यांनी पंजा दाखवला, “पाच फूट केलं. आणि हे म्हणालीस,” त्यांनी फुंकर घातली, “वारा बंद. झाला की नाही?”

ती सांगणार होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात शेजारच्या शिंप्यानं आपल्या खिडकीतून मान बाहेर काढली. “काय मिस्त्री, कुंपण केलंय की कपाट? कपडे ठेवायला आणून देऊ का?”

आणि मिस्त्री हसले. मान मागे टाकून, खांदे हलवत हसले. आई गेल्यापासून त्यांचं हसू घरातून जणू कुठेतरी गावाला गेलं होतं. ते परत आलेलं बघून तिनं ओठांवरचे शब्द गिळले.

“फार नीट बसवलंय हो,” ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं, पण देवापुढे बसल्यावर ते वाक्य तिला दाढेत अडकलेल्या कणासारखं टोचत राहिलं.

मग हवा फिरली. उन्हातला चटका गेला, सकाळी झारीची कडी हाताला गार लागू लागली, आणि एके दुपारी रानातून वारा उठला. तो आला, भिंतीवर आदळला आणि सासूबाई म्हणायच्या तशी त्यानं उडी मारली. रस्त्याकडेच्या झाडांची पिवळी पानं घेऊन तो पाच फुटांवरून वर चढला आणि बरोबर वाफ्याच्या मधोमध येऊन कोसळला. पानं खाली पडायची, तिथल्या तिथे भोवरा धरायची, परत वर जायची. पहिल्याच दिवशी घेवड्याचे वेल दोऱ्यांसकट सुटले. शेवंतीची झुडपं उजवीकडे लवंडली म्हणून तिनं काठ्या लावून सरळ केली, तर दुसऱ्या दिवशी ती डावीकडे झोपलेली. कळ्यांनी भरलेल्या फांद्या कचाकच मोडत होत्या.

मिस्त्री हात ओला करून भिंतीच्या कडेकडेनं फिरायचे आणि तळव्याला कुठे गार लागतंय का ते चाचपायचे. छप्पर कुठे गळतंय ते शोधावं तसे. “एक फट नाही. एक म्हणून फट नाही. मग हा आत येतो कुठून?”

दुपारी त्या दोघांनी बोलायला कुणाची हरकत नव्हती. पण ते भिंतीवर हात फिरवत असे उभे असले की तिला सांगणं जिवावर यायचं. आज नको, उद्या सांगू, असं ती म्हणायची, आणि उद्या आणखी दोन झुडपं गेलेली असायची.

एका संध्याकाळी ती सुईणबाईंकडे गेली. त्यांची खोली बाजाराच्या रस्त्यावर, जिन्याखाली होती. नजर जवळजवळ गेलेली, पण जीभ शाबूत. मिस्त्रींनीच बसवून दिलेल्या खिडकीपाशी त्या दिवसभर बसायच्या आणि पावलांवरून माणसं ओळखायच्या.

“ये. आज पाय ओढतेयस. शेवंतीला कळ्या आल्या का?”

“आल्यात.”

“मग तोंड असं का केलंयस?”

“माझं तोंड दिसतं का तुम्हाला?”

“आवाजाला पण तोंड असतं, पोरी. सांग.”

तिनं भिंतीचं सांगितलं. पाच बोटांचंही सांगितलं. सुईणबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तिनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

“जन्मला तोच मूठ आवळून,” त्या म्हणाल्या. “सगळीच पोरं आवळतात, पण हा पठ्ठ्या सोडेचना. तुझ्या सासूला वाटलं, बोटं चिकटलेलीच आहेत. घाबरून रडायला लागली. मी तेल लावलं आणि करंगळीपासून एकेक बोट सोडवलं. आत काय होतं सांगू? काही नाही. नुसती हवा धरून बसला होता.”

ती पण हसली. किती दिवसांनी हसतेय, असं तिला वाटून गेलं.

“मला शेवंती नाही मिळाली तरी चालेल गं,” सुईणबाई जरा थांबून म्हणाल्या. “झाडांचं काय, होतात, जातात.”

पण बोलता बोलता त्यांचा हात खिडकीच्या कडेवर गेला, जिथे दर वर्षी ती कुंडी ठेवलेली असायची, आणि तिथली रिकामी जागा त्यांनी बोटांनी पुसल्यासारखी केली. तिनं ते पाहिलं. त्यांना दिसत नव्हतं, पण तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झारी घेऊन बागेत आली तेव्हा वाफ्यात एकच झुडूप उभं होतं. पाण्याच्या टाकीला टेकून वाचलेलं. त्याला मोजक्या कळ्या होत्या, आणि एकीच्या टोकाला पिवळा रंग जेमतेम डोकावत होता. बाकी सगळा वाफा आडवा.

मिस्त्री घरालगतच्या आपल्या सुतारकामाच्या कारखान्यातून भुशाचं पोतं घेऊन आले. “मुळांवर पसरतो. तेवढीच ऊब.” त्यांनी ओंजळभर भुसा वाफ्यावर टाकला. तेवढ्यात वारा भिंतीवरून उतरला, भुशाला उचलून त्यानं एक गिरकी घेतली आणि सगळा मिस्त्रींच्या तोंडावर आणून टाकला. भुवया, मिश्या, कान, सगळं पिवळसर झालं.

त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, “कळलं. पाच कमी पडतंय. सात करतो.” आणि त्यांनी खिशातून टेप काढला.

अर्ध्या बागेला पाणी घालायचं राहिलं होतं. सात फुटांची भिंत झाली तर टाकीपाशी वाचलेलं ते एक झुडूपही जाणार होतं. बोलावं का? नेम मोडला म्हणून देव रागावणार नाही, एवढी तिची देवाशी ओळख होती. पण जे हातानं सांगायला घेतलं आणि अर्धवट राहिलं, ते हातानंच पुरं करावं असं तिला आतून वाटलं. तिनं झारी ठेवली आणि ती मिस्त्रींच्या समोर जाऊन उभी राहिली.

टेप धरलेला त्यांचा हात तिनं धरला. टेप काढून घेतला, हाताची मूठ वळली आणि ती त्यांच्याच नाकासमोर धरली. मग मुठीवर जोरात फुंकर घातली. फुंकर मुठीवर आपटून वर उडाली आणि भुवयांवरचा भुसा डोळ्यात गेला.

“अगं, डोळ्यात गेलं. काय चाललंय काय तुझं?”

तिनं मान हलवली. मग करंगळीपासून सुरुवात करून तिनं त्यांचं एकेक बोट सोडवलं. बोटं फाकवली. तोच हात परत तिथेच धरला आणि तेवढ्याच जोरानं फुंकर घातली. या वेळी मिशीवरचा भुसा नुसता हलला आणि जागच्या जागी राहिला.

मिस्त्री डोळा चोळायचे थांबले.

“गाळून,” ते हळू आवाजात म्हणाले. “आई करायची हे. मी लहान होतो. मला वाटायचं, मला हसवायला करते.”

तिनं त्यांचा हात सोडला नाही.

“म्हणजे ते पाच, पाच नव्हते.”

तिनं नाही म्हणून मान हलवली.

“मग तू तेव्हाच का नाही सांगि…” असं म्हणता म्हणता त्यांची नजर तिच्या मिटलेल्या ओठांकडे गेली. “बरं, सकाळचं राहू दे. दुपारी तर बोलत होतीस.”

तिनं मान खाली घातली. मिस्त्री कारखान्यात निघून गेले. सकाळच्या वेळी ते गप्प बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

राहिलेलं पाणी घालून झालं. बोलायची मुभा मिळाली आणि बोलायला कुणी समोर नाही, अशी गत. तिनं चहा केला आणि कप घेऊन कारखान्यात गेली. मिस्त्री अर्धवट खिडकीच्या चौकटीवर बसले होते.

“रागावलात?”

“कुणावर रागावू? शाळेत मला एवढंच जमायचं, बोटं मोजायचं. तेही चुकलं.”

“मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं. पण तुम्ही हसलात ना त्या दिवशी.”

“कधी?”

“शिंपीभाऊजी कपाट म्हणाले तेव्हा. आई गेल्यापासून तुम्ही हसला नव्हतात. मला वाटलं, राहू दे. झाडांपेक्षा ते मोठं आहे.”

मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला. मग घसा साफ करून कामाच्या आवाजात म्हणाले, “फट ठेवायची म्हणजे किती? मापाशिवाय मला खिळासुद्धा उपटता येत नाही.”

तिनं चार बोटं जुळवून समोर धरली. “आई एवढी ठेवायच्या.”

“तुझी चार की माझी चार? माझी धरलीस तर त्यातून बोकड जाईल.”

“माझी. आईंचा हात माझ्याएवढाच होता.”

त्यांनी तिची बोटं एका फळीच्या तुकड्यावर टेकवली, मागेपुढे करून पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले. “फळीची रुंदी पण एवढीच आहे. म्हणजे नवीन काही करायलाच नको. एकाआड एक काढायची. फळी तितकी फट.” आणि ते परत एकदा स्वतःशीच म्हणाले, “फळी तितकी फट,” जणू धंद्यातलं एखादं जुनं माप आजच सापडलं होतं.

दुपारभर भिंतीवर पकडीचा आणि हातोड्याचा आवाज चालू होता. पहिली फळी काढताना त्यांनी असा चेहरा केला होता की जणू स्वतःचाच दात उपटतायत. तिसरी-चौथी निघाल्यावर हात सैल झाला. फटीतून पलीकडचं रान दिसू लागलं, रानातलं ऊन बागेत पट्ट्यापट्ट्यांनी येऊन पडलं. शिंप्याची मान खिडकीतून बाहेर आलीच.

“मिस्त्री, कपाटाचा कंगवा केलात की.”

“वाऱ्याची वेणी घालायचीय,” मिस्त्री खिळा तोंडात धरून म्हणाले. “तुमच्या दुकानात रिबीन असेल तर पाठवा.”

फटी ठेवल्या खऱ्या, पण सवय कुठे जाते? प्रत्येक फटीच्या दोन्ही कडांना त्यांनी कानस मारली, हात फिरवून बघितला, परत मारली. “फट असली म्हणून काय झालं,” ते म्हणाले, “खरखरीत फट मी ठेवणार नाही.” ती आडवे झालेले वेल गोळा करत होती. तिनं मान वळवून हसू लपवलं.

संध्याकाळी वारा आला. दोघं मागच्या पायरीवर बसून बघत होती. तो रानातून धावत आला, फळ्यांमधून घुसला, आणि आत आला तो चालत. पानं घेऊन आला होता, ती त्यानं वाफ्यावर अंथरल्यासारखी ठेवली आणि पुढे गेला. टाकीपाशी शेवंती थोडी वाकली, मग सरळ झाली.

“आला,” मिस्त्री म्हणाले.

“येऊ दे,” ती म्हणाली.

पुढचे काही दिवस गारवा वाढत गेला. मोडक्या झुडपांच्या बुडाशी नवे कोंब दिसू लागले, भोपळ्याची पानं वाळली आणि त्यांच्याआड लपलेले दोन भोपळे उघड्यावर आले. टाकीपाशी रोज झारी थांबायची आणि ती कळीकडे बघायची. हात लावायची नाही.

मग एका सकाळी कळी उमलली. पाकळ्या पुऱ्या उलगडल्या नव्हत्या, मध्ये अजून गाठ होती, पण उमलली होती. तिनं झारी ठेवली, खुरपं घेतलं आणि झुडपाभोवतीची माती सैल करायला बसली. कुंडी आणायला उठली तर मिस्त्री दारात उभे. हातात एक लाकडी पेटी होती. काढलेल्या फळ्यांची, कडा गोल केलेल्या, धरायला दोन कड्या. त्यांनी पेटी उलटी करून तिला बूड दाखवलं.

“खाली फटी ठेवल्यात. पाणी जायला.” मग जरा थांबून, “मी होऊन ठेवल्यात. कुणी सांगितलं नव्हतं.”

तिनं पेटीवरून हात फिरवला. काही बोलायचं नव्हतं आणि बोलायची गरजही नव्हती. मुळांचा गड्डा तिनं दोन्ही हातांनी उचलून पेटीत बसवला, कडेनं माती दाबली, ओंजळीनं पाणी घातलं. खालच्या फटींतून थेंब थेंब गळू लागलं. मिस्त्री वाकून ते बघत राहिले.

बागेतलं बाकीचं पाणी राहिलं होतं. तिनं झारीकडे पाहिलं, मग पेटीकडे.

“जा तू,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी झारी उचलली. “मी घालतो.” ते पहिल्या वाफ्यापाशी गेले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि उघडलेलं तोंड परत मिटून घेतलं. झारीचं पाणी सावकाश मातीत पडू लागलं.

तिनं डोक्यावरून पदर घेतला, पेटी छातीशी धरली आणि फाटक पायानं ढकलून ती बाहेर पडली. गल्लीत पानांचा सडा पडला होता. वारा पाठीशी होता. ओठ मिटलेले, आत नाम चाललेलं, अशी ती शेवंतीला अंगाच्या आडोशात घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागली.